एका यंत्राचा जीर्णोद्धार

चहाचा एक पेला माणसाला किती महागात पडतो हे कळण्यास आम्हाला वयाची एकाहत्तर वर्षे घालवावी लागली. २०२५ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता. रात्रीच्या भजनाला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही ओसरीवर बसून भजनी मंडळाच्या तिसऱ्या वहीतला एक अभंग लॅपटॉपवर उतरवून घेत होतो. शेजारी चहाचा पेला होता. चष्मा पुसावा म्हणून हात उचलला, कोपर पेल्याला लागले, आणि साखर घातलेला, आले ठेचून टाकलेला तो चहा कळफलकाच्या फटींतून आत उतरला. ‘विठ्ठल’ हा शब्द लिहिणे चालू होते. पडद्यावर ‘विठ्ठ’ एवढेच उमटले आणि पडदा विझला.

गोमंतकातल्या वाचकांना आमचे गाव कोठले हे सांगितले पाहिजे. नागपुराहून सावनेरवरून छिंदवाड्याकडे निघाले म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात आमचे बोरगाव लागते. औद्योगिक वसाहत आणि तेथला लोकरी कापडाचा कारखाना यांमुळे बाहेरचे लोक त्याला ओळखतात. तालुका सौंसर, जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून जेथे गोटमार होते तेच हे पांढुर्णा. ही ओळख आम्हाला फारशी भूषणावह वाटत नाही. आमच्या संत्र्यांवरून किंवा जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीवरून कोणी आम्हाला ओळखले तर अधिक बरे वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मोडके काही नीट करावयाचे असेल तर नागपूर, असा आमचा क्रम आहे. हे नियतकालिक आमच्या हाती येते ते लेकीच्या सासरकडून. तिला आम्ही गोव्यात प्रियोळला दिली आहे.

आता त्या यंत्रात होते काय, ते सांगतो. आमच्या भजनी मंडळाच्या पाच वह्या. पुस्तकाच्या दुकानात छापील गाथा मिळते, मग या वह्यांचे एवढे काय, असे कोणी विचारील. पण या वह्यांत अभंगांपेक्षा समासातल्या टिपा मोलाच्या. कोणता अभंग कोणत्या चालीवर, काकड्याला कोणता आणि शेजारतीला कोणता, पावसाने ओढ दिली म्हणजे कोणता, गावात मृत्यू झाला असता कोणता गाळावयाचा, हे सारे त्या टिपांत होते. आणि मधूनमधून गावातल्याच कोणा माणसाने रचलेली, कोठेही न छापलेली पदे. चार पिढ्यांतल्या निरनिराळ्या हातांनी ती उतरून ठेवलेली. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, २०१७ साली, आम्ही लॅपटॉप घेतला तो मुख्यतः याच कामासाठी. इन्स्क्रिप्टचा कळफलक शिकण्यात एक हिवाळा गेला. पहिल्या दोन वह्या उतरवून झाल्या आणि मग, २०२१ च्या पावसाळ्यात, वह्यांच्या पेटीला वाळवी लागली. त्या दोन वह्यांची पाने हाताला भुकटी होऊन लागली. उरलेला चुरा आम्ही रीतीप्रमाणे कन्हानच्या पाण्यात सोडला, आणि सोडताना मनाची समजूत घातली की असू दे, यंत्रात सगळे आहे.

यंत्रात सगळे होते. यंत्राबाहेर मात्र काहीच नव्हते. एक पेनड्राइव्ह आणून त्यात सारे उतरवून ठेवावे असे आम्ही चार वर्षे म्हणत होतो. पाच-सहाशे रुपयांची ती वस्तू. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असेच काही एकाच ठिकाणी ठेवलेले असेल त्यांनी हा लेख येथेच मिटवून आधी ते काम उरकावे. लेख कोठे पळून जात नाही.

चहा सांडल्यानंतर आम्ही जे केले ते कोणी करू नये म्हणून सांगतो. सांडल्याबरोबर वीज तोडावी, यंत्र बंद करावे, उपडे धरून ठेवावे, आणि कितीही मोह झाला तरी चालू करून पाहू नये. आम्ही धोतराच्या सोग्याने वरचेवर पुसले आणि लगेच कळ दाबली. दिवा लागला, विझला. पुन्हा दाबली. मग कोणी सांगितले की तांदळात ठेवा, ओल शोषली जाते. म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले आणि तिसऱ्यांदा कळ दाबली. या वेळी दिवाही लागला नाही. तांदळाने ओल जाते हा समज सर्वत्र पसरलेला असला तरी त्याच्याने फारसे काही साधत नाही, उलट तांदळाची पूड आत जाते, हे नंतर कळले. तो तांदूळ सप्ताहाच्या महाप्रसादाला देण्यासाठी काढून ठेवलेला होता. तेवढ्यावरून घरात आम्हाला जे ऐकावे लागले ते या प्रतिष्ठित पानांत छापण्याजोगे नाही.

मुलगा आम्हाला नागपुरास घेऊन गेला. प्रथम कंपनीने नेमलेल्या एका दुरुस्ती केंद्रात गेलो. थंडगार खोली, हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. तासाभराने एका तरुणाने अतिशय सभ्यपणे सांगितले की मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, बदलावी लागेल. करासह एकोणतीस हजार रुपये. आत चहा गेलेला असल्याने सुट्या भागाची दुरुस्ती ते करीत नाहीत. पट्टी निघेल आणि पट्टी बसेल. शिवाय एका कागदावर सही हवी: यंत्रातली माहिती गेल्यास केंद्र जबाबदार नाही. आम्ही विचारले, “माहिती राहील की जाईल?” तो म्हणाला, “सर, आम्ही त्याची हमी देत नाही. तशी एवढ्यात थोडे घातले की नवीनच येतो.” त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला जे शिकवले होते ते त्याने सांगितले. पण आम्ही वह्यांविषयी विचारीत होतो आणि तो यंत्राविषयी उत्तर देत होता. सही न करता आम्ही यंत्र परत पिशवीत घातले.

संगणकाच्या व्यवहारात एक ठोकताळा रूढ आहे: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल आणि यंत्र पाच वर्षांपलीकडचे असेल, तर नवे घ्यावे. आमच्या मुलाने परतीच्या बसमध्ये हाच हिशेब मांडला. आमच्या कामापुरता नवा लॅपटॉप अठ्ठेचाळीस हजारांना, निम्मे चोवीस, केंद्राचा आकडा एकोणतीस. आणि यंत्र आठ वर्षांचे. “बाबा, हिशेब साफ आहे,” तो म्हणाला. त्याने आणखीही एक मुद्दा काढला, आणि तो खोटा नव्हता. आमच्या यंत्रात जी विंडोज-१० प्रणाली होती तिला कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची सुरक्षा-डागडुजी पुरवणे थांबवले होते, आणि पुढची अकरावी आवृत्ती आमच्या यंत्रातील जुन्या प्रक्रियकावर चालू न देण्याचे तिने ठरवलेले होते. म्हणजे चहा सांडण्यापूर्वीच, धडधाकट असतानाच, आमचे यंत्र दूरच्या कोणी जीर्ण ठरवलेले होते. भिंत शाबूत, छप्पर शाबूत, आणि ग्रामपंचायतीने घर राहण्यास अयोग्य म्हणून लिहून द्यावे, तसा हा प्रकार. आम्हाला तो मनापासून खटकला. पण खटकले म्हणून हिशेब बदलत नाही.

त्या रात्री लेकीचा दूरध्वनी आला आणि बोलता बोलता तिने तो विहीणबाईंच्या हाती दिला. विहीणबाई मंगेशीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहतात आणि आमच्याशी कोंकणीतच बोलतात. आम्ही मराठीत उत्तर देतो, आणि दोघांचेही काही अडत नाही. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “पोरनें जालें म्हूण कोण उडयता? आदीं भितरलें भायर काडात, मागीर पळयात.” आधी आतले बाहेर काढा, मग पाहा. आणि त्यांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने देवळाचा दाखला दिला. कुशस्थळीचे देऊळ पोर्तुगीजांच्या हातून वाचणार नाही असे दिसले तेव्हा, १५६० साली, महाजनांनी देवळाची चिंता केली नाही. लिंग उचलले, नदी ओलांडली, प्रियोळला आणले. देऊळ मागाहून झाले, पुन्हा झाले, वाढले; शिखरावर सोन्याचा कलश चढला तो १९७३ साली.

देवाची आणि यंत्राची तुलना करण्याचा अविनय आम्ही करीत नाही, आणि विहीणबाईंनीही केला नव्हता. पण त्यांच्या बोलण्याने आम्हाला एका गोष्टीची आठवण झाली. अग्निपुराणात जीर्णोद्धारावर एक स्वतंत्र अध्याय आहे. भग्न झालेल्या, झिजलेल्या मूर्तीचे काय करावे हे त्यात अगदी व्यवहाराच्या भाषेत सांगितले आहे. लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची पाण्यात, धातूची किंवा रत्नाची असेल तर खोल पाण्यात वा समुद्रात सोडावी. आणि तिच्या जागी नवी बसवावयाची ती त्याच मापाची व त्याच द्रव्याची. जुन्याला चिकटून बसा, असे शास्त्र म्हणत नाही. आमच्या देवळांतही जीर्णोद्धाराच्या वेळी देवतत्त्व कलशात आणून तात्पुरत्या जागी ठेवतात, मगच सुताराच्या नि पाथरवटाच्या हत्याराला आत वाट मिळते. म्हणजे दुरुस्ती की नवे, हा प्रश्न दुसरा. पहिला कलशाचा. दुरुस्ती केंद्रात आम्ही ज्यासाठी अडलो होतो ते हेच होते. आम्हाला ते नीट शब्दांत मांडता आले नव्हते इतकेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच बसने नागपुरास गेलो. सीताबर्डीच्या एका जुन्या इमारतीत, जिना चढून, डाव्या हाताला, दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही अशा खोलीत एक कारागीर बसतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्याचा पत्ता दिला होता. भिंगाचा दिवा, चिमटे, बारीक पेचकस, आणि दहा-बारा उघडी पडलेली यंत्रे. त्याने आमचे यंत्र हातात घेऊन हुंगले.

“काकाजी, चहा का कॉफी?”

“चहा.”

“साखर होती?”

“होती.”

“मंग पाण्यापेक्षा वाईट. आन् सांडल्यावर किती खेप चालू केला?”

“तीन.”

तो हसला. “मंग चहानं नाही काकाजी, तुमीच जाळला.”

शाळेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या. एवढ्या थोडक्या शब्दांत आमची चूक आम्हाला कोणी दाखवली नव्हती. आम्ही त्याला वह्यांची गोष्ट सांगितली. त्याने काम थांबवून ती ऐकली. मग म्हणाला, “मंग पहिले तेच पाहू.” तळाचे स्क्रू काढून, मनगट टेकतो त्या बाजूच्या खालून त्याने पत्त्यांच्या कॅटाएवढी एक चपटी पेटी बाहेर काढली. हीच हार्ड डिस्क. चहा तिच्यापर्यंत पोचला नव्हता. ती त्याने एका साध्या खोक्यात बसवून आपल्या संगणकाला जोडली. क्षणभर काही झाले नाही. मग पडद्यावर एकाखाली एक नावे उमटली: वही पहिली, वही दुसरी, वही तिसरी अपूर्ण. आम्हाला खाली बसण्यासाठी स्टूल लागले.

आम्ही तेथेच त्याच्याकडून एक पेनड्राइव्ह विकत घेतला आणि त्याने सगळे त्यात उतरवून दिले. मग त्याने एक गोष्ट सांगितली जी आमच्या वाचकांनाही उपयोगी पडावी. आमचे यंत्र जुने म्हणून ही पेटी अशी बाहेर निघाली. हल्लीच्या कित्येक पातळ यंत्रांत स्मृती आणि साठवणही मुख्य पट्टीवरच डाख लावून पक्की केलेली असते. पट्टी गेली की आतलेही जाते, किंवा काढणे फार कठीण होते. नवे घेताना दुकानदाराला हा एक प्रश्न विचारावा, असे तो म्हणाला. “पातळ पाहून घेऊ नका जी, उघडते का ते पाहून घ्या.”

यंत्राचे निदान त्याने भिंगाखाली केले आणि आम्हालाही दाखवले. कळफलकाची पट्टी जेथे जोडली जाते तेथे पांढरट हिरवा थर चढला होता; चहातल्या साखरेने आणि चालू विजेने तांबे खाल्ले होते. बाजूचा ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक सुटा भाग जळाला होता. तो भाग बदलावयाचा, पट्टी मद्यार्काने धुऊन मऊ कुंचल्याने घासावयाची, कळफलक नवा घालावयाचा. बॅटरी फुगली होती, ती धोक्याची, बदलणे भागच. सगळे मिळून सात हजार आठशे. विंडोजच्या जागी विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घालून देतो, तिच्यात मराठी नीट चालते, सुरक्षेची डागडुजीही मिळत राहते, असे त्याने सांगितले. आम्ही विचारले, हे किती दिवस चालेल? “सहा महिने चालल, सहा वर्षंबी चालल. मी लिहून नाही देनार.” दुरुस्ती केंद्रानेही काही लिहून दिले नव्हते, उलट आमच्याकडूनच लिहून घेऊ पाहत होते.

या प्रश्नाचा विचार आता देशोदेशींची सरकारेही करू लागली आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती दुरुस्त होण्याजोगा आहे याचे दहापैकी गुण छापावे लागले. युरोपीय संघाने दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश २०२४ साली संमत केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये एक समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या ग्राहकदिनी, २४ डिसेंबरला, यासाठी एक संकेतस्थळ उघडले. हेतू चांगला आहे. पण बोरगावच्या माणसाच्या बाबतीत तो हक्क आजही सीताबर्डीच्या त्या जिन्यावरच मिळतो, हे आमचे अनुभवाचे मत.

सात हजार आठशे हे अठ्ठेचाळीस हजारांच्या निम्म्याच्या जवळपासही नाही. ठोकताळा आमच्या बाजूला आला होता. आम्ही यंत्र त्याच्याकडे ठेवले आणि हलक्या मनाने परतलो. खरे तर हा लेख येथे संपला असता.

घरी आमची नात सौंसरच्या महाविद्यालयातून आलेली होती. ती पहिल्या वर्षाला आहे. तिचा एक पाहणी-अहवाल त्याच यंत्रात होता आणि तोही वह्यांबरोबर सुखरूप निघाला हे आम्ही तिला मोठ्या आनंदाने सांगितले. यंत्र दुरुस्त होऊन येईल, नवे घ्यावे लागणार नाही, चाळीस हजार वाचले, असेही सांगितले. तिने “बरं” म्हटले. तिचे ते “बरं” आम्हाला बरे वाटले नाही.

येथे एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. ती आम्ही आतापर्यंत टाळली हे वाचकांच्या लक्षात येईलच. मध्यप्रदेश शासनाची एक योजना आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत पंचाहत्तर टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यात लॅपटॉप घेण्यासाठी पंचवीस हजार रुपये जमा होतात. ४ जुलै २०२५ रोजी चौऱ्याण्णव हजारांहून अधिक मुलांच्या खात्यांत ते एकदम जमा झाले. त्यांत आमची नात होती. घरात पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात मोठा पाऊस होऊन आमच्या मागच्या खोलीचा वासा खचला, कौले खाली आली. हाताशी तेवढी रक्कम त्या वेळी तीच होती. आम्हीच तिला म्हटले की घरात एक लॅपटॉप आहे, दोघे मिळून वापरू, पुढे पाहू. ती हो म्हणाली. छप्पर झाले, चांगले झाले, आणि ‘पुढे पाहू’ हे पुढे कोणी पाहिले नाही. ती दुपारी महाविद्यालयातून येई तेव्हा आम्ही वह्या घेऊन बसलेले असू. तिला यंत्र रात्री दहानंतर मिळे. आम्ही हे पाहत होतो आणि पाहत नव्हतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिला सरळ विचारले, “तुझे काय म्हणणे आहे?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आबाजी, खरं सांगू? मले नवा पाहिजे होता. जुलैतच पाहिजे होता.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्ही वडीलपणाने काही बोललो असतो. दुरुस्ती की नवे याचा आठ दिवस हिशेब चालला होता. मुलाचा ठोकताळा, केंद्राचा आकडा, पुराणातला अध्याय, सारे त्यात आले होते. ज्या मुलीच्या नावावर पैसे आले होते ती मात्र त्या हिशेबात कोठेच नव्हती. आम्ही वह्यांसाठी रडलो. तिचे पंचवीस हजार कौलांखाली दडले होते, त्यांसाठी कोणी रडले नव्हते.

पैसे आमच्याजवळ मोकळे नव्हते. होते ते देवळाचे म्हणून बाजूला ठेवलेले. गावच्या मारुतीच्या देवळात जुनी फरशी काढून गुळगुळीत ग्रॅनाइट बसवावयाचे ठरले आहे, आणि आम्ही सभेत उभे राहून एकवीस हजारांचा आकडा बोललो होतो. देवाला बोललेले मागे घेणे आमच्या घराण्यात कधी झाले नाही. रात्रभर आम्हाला झोप आली नाही. सकाळी आम्ही मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो आणि सारे जसेच्या तसे सांगितले. ते वयाने आमच्यापेक्षा थोर. त्यांनी पान जुळवता जुळवता ऐकले आणि म्हणाले, “मास्तर, फरशी कोठे पळून चालली? पहिले पोरीचं द्या. रामनवमीनंतर जमल तसं हप्त्यानं द्या.” मग थोडे थांबून म्हणाले, “आन् मले इचारान तं जुनी फरशीच बरी होती. पाय घसरत नव्हता.” हे त्यांनी सभेत का सांगितले नाही, हे आम्हाला अजून समजलेले नाही.

एकवीस हजारांत चार हजार आमच्या निवृत्तिवेतनातून घातले आणि पंचवीस हजार नातीच्या हाती दिले. तिने ते मोजून घेतले. आम्हाला ते आवडले.

चौथ्या दिवशी दुरुस्त यंत्र आणण्यास आम्ही दोघे मिळून नागपुरास गेलो. तिला नव्या यंत्रांच्या दुकानांत नेले. दुकानदार म्हणाला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी स्मृतीपट्ट्या उचलल्यामुळे त्यांचे भाव चढले आहेत, लॅपटॉपही चढतील. पंचवीस हजारांत जे होते ते तिने उघडून पाहण्यास मागितले. दुकानदाराला तो प्रश्न नवा होता. शेवटी ती आपणच जिना चढून त्या कारागिराकडे गेली. कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेली, अंगाने जाड पण हाडाने पक्की अशी यंत्रे तो नीट करून विकतो. तिने एक निवडले, तळ उघडावयास लावला, साठवणीची पट्टी सुटी आहे ना हे पाहिले, अकरावी विंडोज त्यावर चालते ना हे विचारले, आणि साडेचोवीस हजारांवरून घासाघीस करून बावीस हजारांत घेतले. आम्ही मागे उभे होतो. नवे हवे म्हणणारी मुलगी जुने घेऊन आली याचे आम्हाला नवल वाटले, तसे आम्ही बसमध्ये बोलूनही दाखवले. ती म्हणाली, “आबाजी, माह्यासाठी नवंच आहे. कोनाशी वाटून नाही घ्यायचं.” उरलेले तीन हजार तिने परत केले नाहीत, आणि आम्ही मागितले नाहीत.

फुगलेली बॅटरी आणि जुना कळफलक यांचे काय करावयाचे, हे आम्ही कारागिराला विचारले होते. १ एप्रिल २०२३ पासून देशात या कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि त्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. तो कळफलक त्या कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाकडे देतो आणि बॅटरी वेगळ्या वाटेने पाठवतो. आम्ही दोन्ही त्याच्या ताब्यात दिले. खोल पाण्याचा विचार एकदा मनात आला होता, तो अर्थातच आम्ही बोलून दाखवला नाही.

यंत्र आता ओसरीवर आहे. चहा त्याच्यापासून चार हात दूर, खिडकीच्या कोनाड्यात. तिसरी वही संपत आली आहे; दर एकादशीला नात पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेते, आणि एक प्रत लेकीकडे प्रियोळला जाते. लिनक्सशी आमचे जमले. कळफलक मात्र चीनहून कोठल्या तरी साच्यातून आलेला पर्यायी आहे, त्याची एक कळ थोडी कडक लागते. नेमकी ल आणि ळ यांची. ‘विठ्ठल’ लिहिताना शेवटच्या अक्षरावर बोट जरा दाबून ठेवावे लागते.